यंत्र चालविणाराचे शिक्षण

आमच्या गावोगावच्या सोसायट्यांच्या सभांतून अवजारांच्या खरेदीचा विषय आजकाल वारंवार निघतो. ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा घ्यावा, रोटाव्हेटर किती फुटी असावा, अनुदान किती मिळेल, कर्जाचे हप्ते किती वर्षांत फेडावे, या प्रश्नांची चर्चा तासन्‌तास चालते, आणि ती चालावी हे योग्यच आहे. परंतु हे यंत्र चालविणार कोण, तो ते कोणापाशी शिकणार व शिकण्यास त्याला किती दिवस देणार, हा प्रश्न सभेपुढे क्वचितच येतो. आलाच, तर “पोरगा चालवील, त्याला सगळे येते,” एवढ्या एका वाक्यात त्याची वासलात लागते. आमच्या मते हा प्रश्न बाकीच्या सर्व प्रश्नांच्या तोडीचा आहे. किंबहुना यंत्राच्या किमतीचा विचार करताना चालकाच्या शिक्षणाचा खर्च त्याच किमतीत न धरणे हा हिशेबातलाच दोष होय.

बैलांच्या शेतीत हा प्रश्न वेगळा असा उभा राहत नसे, कारण शिक्षण कामातच मुरलेले असे. मुलगा प्रथम कुळवावर वजन म्हणून बसे. बसल्या बसल्या बैलांची चाल, वळण आणि मातीचा बोजा त्याच्या अंगवळणी पडे. पुढे त्याच्या हाती कुळव येई. मग नांगराचे रुमणे येई, आणि तेही बाप किंवा चुलता मागून चालत असताना. तास वाकडे गेले की ते त्याच क्षणी दिसे व कानीही पडे. पाभरीच्या चाड्यावरची मूठ मात्र सर्वांत शेवटी मिळे. कित्येकांना ती जन्मभर मिळत नसे, व त्यात कोणी कमीपणा मानीत नसे. चाड्यात बी सोडणारी मूठ एका लयीत चालली नाही तर एका नळ्यात बी अधिक व दुसऱ्यात कमी पडे, आणि आठदहा दिवसांत पेरा उगवून आला म्हणजे मुठीची परीक्षा साऱ्या गावासमोर लागे. या पद्धतीत पुष्कळ अज्ञान होते व थोडी मारझोडही होती; ती जशीच्या तशी परत यावी असे आम्ही म्हणत नाही. पण तिच्यात तीन गोष्टी होत्या. सोप्याकडून अवघडाकडे जाण्याचा क्रम होता, जवळ जाणता माणूस होता, आणि केलेल्या कामाचा परिणाम शिकणाराच्या डोळ्यांना दिसत होता.

यंत्राने ही चढण मोडून टाकली. ट्रॅक्टरचे बळ पेडलाखाली आहे; पंधरा वर्षांचा मुलगाही तासाभरात तो जागचा हलवू शकतो. यामुळेच घोटाळा होतो. यंत्र चालू करणे निराळे आणि चालविणे निराळे, हा भेद बैलाच्या बाबतीत आपोआप कळे, कारण बैल अनोळखी हाताला दाद देत नसे. यंत्र कोणालाही दाद देते.

मग चालविणे म्हणजे काय? आमच्या समजुतीप्रमाणे त्याचा आरंभ थांबविण्यापासून होतो. ट्रॅक्टरच्या मागील शक्तिदायी दांडा, ज्यास चालकमंडळी पीटीओ म्हणतात, त्याचा प्रमाण वेग मिनिटास ५४० फेरे आहे. म्हणजे एका सेकंदात तो नऊ वेळा फिरतो. धोतराचा सोगा, पदर किंवा सुटलेली दोरी त्यात सापडली तर माणसाला “अरे” म्हणण्याइतकीही सवड मिळत नाही. तेव्हा त्या दांड्यावरचे आवरण शाबूत असणे, व कोणी जवळ जाण्यापूर्वी तो बंद करून इंजिनही बंद करणे, हे हाताला इतके सवयीचे झाले पाहिजे की त्यासाठी विचार करावा लागू नये. हीच गोष्ट ब्रेकांची. शेतात वळताना सोयीचे व्हावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेक स्वतंत्र दिलेले असतात. सडकेवर येताना ते खिटीने एकत्र जोडावयाचे असतात. खिटी न लावता भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर एकच ब्रेक दाबला गेला, तर ट्रॅक्टर एका अंगास ओढला जाऊन उलटतो. खिटी लावण्यास दोन सेकंद लागतात. पण ती कशासाठी आहे हे ठाऊक नसलेले चालक आम्हांस जागोजाग भेटतात.

चिखलात रुतलेल्या चाकांस ओंडका बांधून जोराने पुढे निघण्याची युक्ती तर फारच प्रचलित आहे. चाके फिरू शकली नाहीत म्हणजे इंजिनाचा जोर ट्रॅक्टरच्या धडावर येतो, पुढची चाके उचलली जातात, व सुमारे एका सेकंदात सारा ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा येतो. ओढावयाची साखळी आसाच्या वर बांधली तरीही तेच होते. मागे घेऊन निघावे, नाही तर दुसऱ्याकडून ओढवून घ्यावे, हे सांगण्यास एक वाक्य पुरते. परंतु ऐन पेरणीच्या घाईत, लोक भोवती उभे असताना, ते वाक्य आठवावे यासाठी मात्र पूर्वी केलेली तालीम लागते.

कौशल्य कसे येते यावर विद्वानांनी शंभरावर वर्षे प्रयोग केले आहेत, आणि त्यांपैकी दोनतीन गोष्टी शेतकऱ्याने ध्यानात घेण्याजोग्या आहेत. अमेरिकेतील थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने काही माणसांचे डोळे बांधून त्यांच्याकडून ठराविक लांबीची रेषा हजारो वेळा काढविली. रेषा लांब झाली की आखूड, हे त्यांना सांगावयाचे नाही असा नियम होता. शेवटी दिसून आले की इतक्या अभ्यासानंतरही त्यांचा हात काही सुधारला नाही. पुढे १९३२ साली ट्रोब्रिज व कॅसन यांनी अशाच प्रयोगात प्रत्येक रेषेनंतर चूक किती झाली ते सांगितले, तेव्हा हात लौकर सुधारला. “पंधरा वर्षे फवारणी करतो आहे, मला काय शिकविता?” असे म्हणणाऱ्या गृहस्थास आम्ही हा प्रयोग ऐकवू इच्छितो. आपण एकरी नेमके किती औषध टाकले हे ज्याने पंधरा वर्षांत एकदाही मोजले नाही, त्याने पंधरा वर्षे डोळे बांधून रेषा काढल्या असेच म्हणावे लागेल.

दुसरा प्रयोग इंग्लंडातील टपालखात्यातला आहे. तेथील कामगारांना टंकयंत्राच्या कळा दाबण्यास शिकवावयाचे होते. बॅडली व लाँगमन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात एका गटास रोज एक तास शिकविले, तर दुसऱ्यास रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका दिल्या. रोज एक तास शिकणारांना तेच कौशल्य एकंदर कमी तासांत आले. यात गंमत अशी की, समाधानी कमी होते तेही हेच लोक, कारण दिवसांच्या हिशेबाने आपण मागे पडतो आहोत असे त्यांना वाटे! आपल्याकडे नवा ट्रॅक्टर आला की दुकानदाराचा माणूस एक दिवस येतो, चार तास सर्व काही दाखवितो, पेढे खाऊन जातो, आणि शिक्षण संपते. तेच चार तास आठ दिवसांत अर्ध्या-अर्ध्या तासाने दिले, तर खर्च तितकाच राहून पदरात कितीतरी अधिक पडेल. शेतकऱ्यास हे नवे वाटू नये; एकदम सोडलेले पाणी वाहून जाते आणि पाळीपाळीने दिलेले मुरते, हे तो पिकाच्या बाबतीत जाणतोच.

तिसरी गोष्ट तारायंत्राची. ब्रायन व हार्टर यांनी १८९७ व १८९९ साली तार घेणाऱ्या कामगारांच्या शिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की तार घेण्याचे काम काही काळ भराभर सुधारते व नंतर बराच काळ जागच्या जागी थांबल्यासारखे दिसते. सुटी अक्षरे ऐकणारा कान सबंध शब्द ऐकू लागेपर्यंत ही थांबलेली अवस्था टिकते, आणि मग पुन्हा प्रगती सुरू होते. ट्रॅक्टरवरील नवशिक्याचेही असेच असते. प्रथम त्याला क्लच, गिअर, हायड्रॉलिकची दांडी असे एकेक सुटे दिसते. पुढे केव्हा तरी इंजिनाचा आवाज जड झाला की हात आपोआप नांगर बोटभर वर घेतो. या मधल्या काळात मालकाने “हा कामाचा नाही” असे ठरवून दुसरा माणूस आणला, तर दोघेही अर्धवट राहतात. चालक दर हंगामात बदलण्याची रीत आम्हांस यासाठी अत्यंत तोट्याची वाटते.

कान घडविला पाहिजे तसेच माप घेण्याची सवयही लावली पाहिजे. यंत्राने पेरताना मुठीचे काम खाचेच्या चकत्या करतात; पण त्या नीट लावल्या आहेत की नाही हे उगवण होईपर्यंत कळत नाही, आणि तेव्हा हंगाम गेलेला असतो. म्हणून आधीच मोजावे. समजा, नऊ फणांचे पेरणीयंत्र आहे आणि दोन ओळींतील अंतर साडेबावीस सेंटिमीटर आहे. म्हणजे पेरणीची रुंदी सुमारे २ मीटर २ सेंटिमीटर झाली. चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर असेल तर वीस फेऱ्यांत ते सुमारे २५ मीटर चालेल, आणि तेवढ्यात साधारण ५१ चौरस मीटर जमीन पेरली जाईल. हेक्टरी १०० किलो गहू पेरावयाचा असेल, तर वीस फेऱ्यांत सुमारे ५१० ग्रॅम बी पडले पाहिजे. यंत्र टेकू देऊन उचलावे, प्रत्येक नळीस पिशवी बांधावी, चाक हाताने वीस वेळा फिरवावे व पिशव्या तोलून पाहाव्या. एकूण बी बरोबर आहे का, तसेच नऊही पिशव्यांत सारखे आहे का, ही दोन्ही उत्तरे त्यात मिळतात. शेतात चाक थोडे घसरते, म्हणून शेवटचा ताळा शेतातच घ्यावा. या सर्वांस अर्धा तास लागतो. ज्या मुलाने हे दोनदा केले, त्याला यंत्राच्या पोटात काय चालते ते कळले. ज्याने केले नाही, तो दहा हंगाम पेरूनही केवळ गाडी हाकणारा राहिला.

ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांच्या घसरणीचेही असेच माप घेता येते. चाकावर खडूची खूण करून, नांगर उचललेला असताना त्याच शेतात दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती गेला ते मोजावे. तो ४० मीटर गेला, आणि नांगर लावल्यावर दहा फेऱ्यांत ३४ मीटरच गेला, तर घसरण शेकडा १५ झाली. याहून फार अधिक असेल तर डिझेल आणि टायर दोन्ही मातीत जात आहेत असे समजावे व वजन, हवा किंवा नांगराची खोली यांत फरक करावा. डिझेलच्या भावाबद्दल तक्रार करणाऱ्या आमच्या बांधवांपैकी किती जणांनी ही खडूची खूण केली आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

फवारणीत मापाचा अभाव अधिक महाग पडतो. पंपातून बाहेर पडणारे औषध एकसारखे असता, मिनिटास ४५ मीटर चालणारा माणूस थकून ३० मीटर चालू लागला, तर तितक्याच जमिनीवर दीडपट औषध पडते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावरील फवारणीत विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो इस्पितळात गेले. पिकाची असाधारण उंची, औषधांची मिश्रणे, उष्मा, अंगावर संरक्षक कपडे नसणे व जोरदार फवारा सोडणारे पंप अशी अनेक कारणे तेव्हा पुढे आली. या दुर्घटनेचे सारे खापर मजुराच्या अज्ञानावर फोडणे आम्हांस मान्य नाही. विष विकणारा, पंप विकणारा, काम सांगणारा मालक आणि देखरेख करणारे खाते या सर्वांनंतर मजुराचा क्रमांक लागतो. ज्याला पंप दिला त्याला नळीचे तोंड, वाऱ्याची दिशा आणि चालण्याचा वेग यांबद्दल कोणी काही शिकविलेच नव्हते, तर त्याने ते कोठून आणावे?

याच्या उलट उदाहरण हवे असेल तर ते आमच्याच प्रांतात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावी प्रथम सायकलींचे दुकान काढले, तेव्हा सायकल विकण्याबरोबर ती चालविण्यास शिकविण्याचे कामही केले. न शिकलेल्याला सायकल विकून उपयोग नाही, हे त्या व्यवहारी पुरुषाने ओळखले होते. पुढे १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे प्रथम तो खपेना. १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळ, आज जी किर्लोस्करवाडी म्हणून प्रसिद्ध आहे त्या माळावर, कारखाना उभा राहिला, तेव्हा तेथे काम करणारे पुष्कळसे हात आसपासच्या खेड्यांतले होते. त्यांना लेथ किंवा भट्टी यांची जन्मतः ओळख नव्हती. ती कामावरच करून देण्यात आली. खेड्यातला हात यंत्राला लायक नाही, ही भाषा त्या माळाने केव्हाच खोटी पाडली आहे.

सरकारचे लक्ष या बाजूकडे अगदीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. मध्यप्रदेशात बुदनी येथे १९५५ पासून ट्रॅक्टर व शेतीयंत्रे चालविण्याचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रांतही वर्ग निघतात. फवारणीच्या ड्रोनाबाबत तर कायद्याने चांगला दंडक घातला आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे असा ड्रोन उडविणाराजवळ शिक्षणाचे प्रमाणपत्र असावे लागते, आणि २०२३ साली मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत बचतगटातील स्त्रीस पंधरा दिवसांचे शिक्षण यंत्राबरोबरच देण्याची तरतूद केली गेली. आमचा प्रश्न असा, की आकाशातील यंत्रास जे लागू ते जमिनीवरील यंत्रास का नसावे? ट्रॅक्टरच्या परवान्यासाठी सडकेवर चालविण्याची परीक्षा होते. पण मागे जोडलेले अवजार चालविण्याची होत नाही, आणि शेतातले बहुतेक काम तर अवजाराचे असते. मळणीयंत्रासाठी धोकादायक यंत्रांचा कायदा १९८३ पासून आहे. तथापि मळणीस उभ्या राहिलेल्या माणसांपैकी किती जणांनी त्याचे नाव ऐकले असेल?

काही वाचक म्हणतील, आता मोबाइलवर सर्व गोष्टींच्या चित्रफिती फुकट पाहावयास मिळतात, मग वर्ग कशाला? चित्रफितींचा उपयोग आम्ही नाकारीत नाही; गिअरपेटीची रचना कागदापेक्षा त्यात बरी कळते. परंतु चित्रफीत पाहणाऱ्याचा हात चुकला तर ती बोलत नाही. दुसरे कोणी म्हणतील की हंगामात शिकविण्यास वेळ नाही. म्हणूनच ते बिनहंगामात करावयाचे. तिसरी हरकत सहसा उघडपणे कोणी बोलून दाखवीत नाही, ती अशी की शिकविलेला माणूस अधिक मजुरी मागेल किंवा दुसरीकडे जाईल. तो अधिक मागेल हे खरे, व त्याने मागावे हे न्याय्यही आहे. लाखोंचे यंत्र ज्याच्या हाती द्यावयाचे त्याला बिनशिकलेल्याचा रोज द्यावा आणि यंत्राच्या दुरुस्तीस मात्र वाटेल तो पैसा मोजावा, यात काटकसर कोठे आहे, हे आमच्या ध्यानात येत नाही.

म्हणून आमची सोसायट्यांस सूचना आहे की, अवजार खरेदीच्या प्रत्येक ठरावात चालकाच्या शिक्षणाची रक्कम निराळी दाखवावी. प्रत्येक यंत्रास दोन माणसे नेमावी व ती किमान तीन हंगाम बदलू नयेत. वैशाखात पंधरा दिवस त्यांना रोज तासभर, अनुभवी चालकाच्या देखरेखीखाली, एखाद्या पडीक रानात यंत्र चालवू द्यावे, आणि त्या दिवसांची मजुरी पूर्ण द्यावी. शिकण्याचे दिवस बिनपगारी ठेवले तर गरिबाचा मुलगा येणारच नाही. शेवटी परीक्षा घ्यावी, ती तोंडी नव्हे, कामाची. सरळ तास, बियाण्याचे माप, ट्रॉली मागे घेणे आणि हाक मारताच यंत्र थांबविणे, एवढे पुरे. मालकांनीही त्या वर्गात बसण्यास हरकत नसावी. ज्याला माप कळत नाही त्याला चालकाचे काम पारखताही येत नाही.

मळणीयंत्राविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. त्याच्या तोंडाशी पेंढ्या लोटण्यास बहुधा मजूर स्त्रिया उभ्या असतात. चालक दूर ट्रॅक्टरापाशी असतो. यंत्र कसे थांबवावयाचे हे त्याला माहीत असते, पण हात मात्र या बायांचे तोंडात जात असतात. शिक्षणाची सारी चर्चा चालकापुरती करून चालणार नाही ती याचसाठी. सुरक्षित रचनेत पेंढी सारण्याचे पन्हळ निदान ९० सेंटिमीटर लांब व ड्रमाकडील ४५ सेंटिमीटर वरून झाकलेले असते, म्हणजे मोठ्या माणसाचा हात दात्यांपर्यंत पोचत नाही. भाड्याने आलेल्या यंत्राचे पन्हळ कोणी कापून आखूड केले आहे का, हे मालकाने स्वतः गजाने मोजून पाहावे, आणि आखूड असेल तर यंत्र परत पाठवावे. मग काम सुरू करण्यापूर्वी रिकामे यंत्र फिरवून, लोटणाऱ्या प्रत्येक बाईकडून थांबविण्याची हाक देववावी व चालकाकडून ते दरवेळी थांबवून दाखवावे. पदर कमरेस खोचलेला, हातात बांगड्यांचा किंवा कड्यांचा अडथळा नाही, आणि दोन तासांनी माणूस बदलावयाचा, हे त्याच वेळी ठरवून घ्यावे. ही तालीम पहिली पेंढी तोंडाशी येण्यापूर्वीच व्हावयास हवी. मळणीस एकदा हात लागला आणि आभाळ भरून आले, म्हणजे अर्ध्या तासाचीही सवड कोणी देत नाही.